वीतभर गाडीचे गाव

जपानचा जुना तोकाइदो रस्ता ईदोहून, म्हणजे आजच्या तोक्योहून, निघून समुद्राच्या कडेकडेने क्योतोला जात असे. या वाटेवर प्रवाशांसाठी ५३ मुक्काम होते. त्यांतला १९ वा मुक्काम फुचू आणि २९ वा हामामात्सु. फुचूचेच आजचे नाव शिजुओका. या दोन मुक्कामांच्या मध्ये ओइ नावाची रुंद, खडकाळ पात्राची नदी आडवी येते. तोकुगावांच्या राज्यात तिच्यावर पूल नव्हता. हमाल प्रवाशांना खांद्यावर किंवा फळीवर बसवून पलीकडे नेत. पाणी छातीवर चढले की वाट बंद, आणि मग सरदार असो वा व्यापारी, काठावरच्या धर्मशाळेत पाय दुमडून बसणे भाग! आज शिंकान्सेन गाडी हे सारे अंतर अर्ध्या तासाच्या आत कापते. आम्ही मात्र मुद्दाम साध्या गाडीने निघालो. सव्वा तास लागला, पण माकिनोहाराच्या टेकड्यांवरचे चहाचे मळे डोळे भरून पाहता आले. मे महिना होता. पहिल्या खुडणीचे दिवस. हिरव्या रंगाच्या एवढ्या गोल, कातरलेल्या ओळी मी आसामच्या चित्रांतसुद्धा पाहिल्या नव्हत्या.

आम्ही म्हणजे मी, माझे थोरले बंधू आणि त्यांचा मुलगा अभय. अभय गेली सहा वर्षे हामामात्सुला मोटारींच्या सुट्या भागांच्या कारखान्यात अभियंता आहे. सुझुकीचे मुख्य ठाणे त्याच गावी असल्याने गुजरातेतून तिकडे जाणाऱ्या मुलांचे आता कुणाला फारसे नवल वाटत नाही. नवल वाटे ते दादांचे. सहा वर्षांत मुलाने तीनदा तिकिटे काढण्याची तयारी दाखविली, आणि तिन्ही वेळा त्यांनी काही ना काही निमित्त काढून नकार दिला. खरे कारण घरात सर्वांना ठाऊक होते. दादा बडोद्याच्या एका ओतशाळेत चौतीस वर्षे पॅटर्नमेकर होते. लोखंडाचा रस ज्या वाळूच्या साच्यात ओतायचा, तो साचा घडविण्यासाठी आधी लाकडाचा हुबेहूब नमुना करावा लागतो; तो करणारा कारागीर म्हणजे पॅटर्नमेकर. सागवानात ते काम करीत, आणि त्यांच्या हाताखालून निघालेल्या पंपाच्या कवचावर बोट फिरवले तर सांधा सापडत नसे. पुढे संगणकावर चालणारी यंत्रे आली, लाकडाचा विभाग बंद झाला, आणि जुने नमुने जळणाच्या भावाने विकले गेले. दादा त्यावर घरात एक अक्षर बोलले नाहीत. फक्त अभयला त्यांनी हातात कधी रंधा धरू दिला नाही. “यात आता काही उरलेले नाही,” एवढेच ते म्हणाले होते. पुढे तोच मुलगा अडतिसाव्या वर्षी परदेशात बसून प्लॅस्टिकच्या चिमुकल्या मोटारी जुळवतो आणि त्यांची छायाचित्रे घरी पाठवतो, हे त्यांना कसे रुचावे? ते छायाचित्रे पाहत, चष्मा काढून ठेवीत आणि म्हणत, “खेळ आहे.”

वहिनी गेल्यानंतर मात्र त्यांचा नकार सैल झाला. मी सोबत येतो म्हटल्यावर ते निघाले.

शिजुओका शहर पाहण्याआधी त्याची जुनी ओळख करून घ्यावी. तोकुगावा इएयासू याने शोगुनपद मुलाच्या हाती सोपवल्यावर १६०७ पासून येथल्या सुंपु किल्ल्यात मुक्काम केला आणि १६१६ मध्ये तो येथेच वारला. किल्ल्यासाठी, आणि पुढे सेंगेन देवस्थानाच्या बांधकामासाठी, देशोदेशींचे सुतार, कोरीव काम करणारे आणि लाखेचे रंगारी येथे आणवले गेले. देवस्थानाची आजची मंदिरे १८०४ पासून साठ वर्षे चालू राहिलेल्या बांधकामातली आहेत. साठ वर्षे म्हणजे कारागिरांच्या तीन पिढ्या. काम संपले तरी माणसे परतली नाहीत, असे तेथील लोक सांगतात. त्यांनी देव्हारे, आरशांच्या चौकटी, लाखेच्या पेट्या आणि मुलींच्या सणासाठी बाहुल्या घडवायला घेतल्या. आम्हां बडोदेकरांना हे समजायला दूर जावे लागत नाही. आपल्या संखेड्याचे खरादी कातलेल्या सागावर लाखेचे सोनेरी-तांबडे नक्षीकाम करून पाळणे आणि झोपाळे घडवतात, तीच ही जात. सेंगेनच्या ओवरीत दादा कितीतरी वेळ मान वर करून उभे होते. तुळईच्या टोकावर कोरलेल्या सिंहाच्या आयाळीत कुठे छिन्नी थांबली आणि कुठून पुन्हा सुरू झाली, ते त्यांनी आम्हांला दाखविले. देवळात त्यांनी हात जोडले की नाही ते मला आठवत नाही.

या लाकूडकामाच्या गावात विसाव्या शतकात लाकडाची विमाने आणि जहाजे बनू लागली, शाळकरी मुलांनी जुळवावीत म्हणून. आओशिमा, हासेगावा, फुजिमी अशी नावे या गावात पाठोपाठ उभी राहिली. १९४५ च्या जूनमध्ये बाँबवर्षावात शहराचा मोठा भाग जळाला. दुसऱ्याच वर्षी योशिओ तामिया यांनी येथे लाकूड कापण्या-विकण्याचा धंदा काढला आणि लवकरच त्याच्या जोडीला लाकडी मॉडेलांचा विभाग उघडला. १९५३ मध्ये लाकडाची विक्री थांबवून त्यांनी सारा भर मॉडेलांवरच दिला. तेवढ्यात अमेरिकेतून प्लॅस्टिकची मॉडेले आली. लाकडाच्या ठोकळ्यातून पंख तासून काढणाऱ्या मुलापुढे आता पत्र्याचे खिळेसुद्धा उमटलेला तयार पंख येऊन पडला, तो पुन्हा ठोकळ्याकडे कशाला वळेल? तामियांनीही १९६० मध्ये ‘यामातो’ युद्धनौकेचे प्लॅस्टिकचे मॉडेल काढले. नशीब असे की दुसऱ्या एका कंपनीने तीच नौका त्याच सुमारास कमी किमतीत विकायला आणली, आणि साच्याला घातलेला पैसा बुडाला. वडिलांचा धंदा पुढे नेणारे शुनसाकु तामिया यांनी त्या पडत्या काळात एका खेळण्याच्या जुन्या साच्यातून लहानशा रेसिंग गाड्या काढून विकल्या, आणि त्या स्वस्त गाड्यांनी दुकान तगले. पुढचे रणगाडे, विमाने, १९६७ ची होंडाची १/१२ प्रमाणातली रेसिंग गाडी, हा सारा डोलारा त्या उसन्या साच्यावर उभा आहे, असे म्हटले तरी चालेल. याच शुनसाकुंनी सत्तरीच्या दशकात खरी पोर्श ९११ गाडी विकत घेतली, ती चालविण्यासाठी नव्हे तर खिळाखिळा सुटा करून मापे घेण्यासाठी! आम्ही परतल्यावर दोनच महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, वयाच्या ९० व्या वर्षी ते वारले.

शिजुओकात १९५९ पासून दर मे महिन्यात मॉडेलांचे मोठे प्रदर्शन भरते. कंपन्यांची दालने झगझगीत असतात, ती मी भराभर ओलांडली. खरी मौज हौशी मंडळींच्या लांबच लांब टेबलांवर आहे. देशभरातील आणि बाहेरील मंडळे आपापली कामे घेऊन येतात. पोस्टमन असतील, दंतवैद्य असतील, निवृत्त आगगाडीचालक असतील. कुणी कोण हे कळायला मार्ग नाही, कारण सारे जण एकमेकांच्या टेबलापाशी कंबरेत वाकून, हात पाठीशी बांधून उभे. हात पाठीशी बांधण्याचा हा शिष्टाचार मला फार आवडला. डोळ्यांनी हवे तितके पाहावे, बोट लावू नये. एका वृद्ध गृहस्थांच्या रेसिंग गाडीचे इंजिन उघडे होते. दादांनी खिशातून भिंग काढले. ते गृहस्थ कौतुकाने हसले, मग त्यांनी आपल्या खिशातून आपले भिंग काढून दादांपुढे धरले. ते दुप्पट मोठे करून दाखविणारे होते. दोघांत एका भाषेचा शब्द सामाईक नव्हता. पाऊण तास ते दोघे तिथे होते, मी आणि अभय चहा पिऊन आलो.

परतीच्या गाडीत अभयच्या मांडीवर पेटी होती : होंडा आरए २७२, प्रमाण १/२०.

या गाडीची कथा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सोइचिरो होंडा यांचा जन्म १९०६ चा, हामामात्सुजवळच्या तेन्र्यू भागातल्या एका खेड्यातला, वडील लोहार. युद्धानंतर सैन्याच्या बिनतारी यंत्रांसाठी बनलेली लहान इंजिने सायकलींना जोडून त्यांनी धंदा सुरू केला, १९४८ मध्ये होंडा कंपनी स्थापन केली. चारचाकी मोटारी बाजारात येऊन जेमतेम वर्ष होते न होते तोच १९६४ मध्ये ही कंपनी फॉर्म्युला वन शर्यतींत उतरली. आरए २७२ ही पुढल्या वर्षीची गाडी. तिचे इंजिन दीड लिटरचे, बारा सिलिंडरांचे, आणि ते गाडीच्या पाठीत आडवे बसविलेले. लहान मोटारसायकलींची इंजिने वेगाने फिरवण्यात या मंडळींचा हात बसलेला होता, तीच विद्या येथे वापरली. हंगामभर गाडीने मालकांना रडविले. शेवटची शर्यत २४ ऑक्टोबर १९६५ रोजी मेक्सिको शहरात होती. ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२०० मीटर उंचीवर. विरळ हवेत इंजिनाला इंधन किती द्यावे हा तिथला कळीचा प्रश्न, आणि होंडाच्या चमूचे प्रमुख योशिओ नाकामुरा हे पूर्वी विमानांच्या इंजिनांवर काम केलेले. उंचीवरची हवा त्यांना नवी नव्हती. अमेरिकन चालक रिची गिंथर याची ११ क्रमांकाची गाडी पहिल्या फेरीत पुढे गेली, आणि ६५ व्या फेरीपर्यंत पुढेच राहिली. फॉर्म्युला वनमध्ये होंडाचा तो पहिला विजय आणि गिंथरचा एकमेव. दीड लिटर इंजिनांच्या शर्यतींचा तो अखेरचा दिवसही होता, कारण पुढल्या वर्षापासून नियम बदलले.

तेन्र्यूला जुन्या नगर कचेरीच्या इमारतीत होंडांच्या आठवणींचे छोटे संग्रहालय आहे, तेही आम्ही पाहिले. पण दादांचे मन पेटीत होते, असे मला वाटते. ते तसे बोलले नाहीत.

पेटी उघडली तेव्हा मला तर निराशाच वाटली. मोटार कुठेच नाही! प्लॅस्टिकच्या चौकटी, आणि त्या चौकटींना जाळीत अडकलेल्या माशांसारखे लटकलेले शेकडो तुकडे. दादांनी मात्र एक चौकट उचलली, दिव्यासमोर धरली आणि पहिल्यांदाच मोकळेपणाने बोलू लागले. हा रस इथून शिरला. या दांड्यांतून धावला. इथे अरुंद तोंडातून तुकड्यात गेला. हा बारीक गोल डाग म्हणजे साच्यातून तुकडा ढकलून काढणाऱ्या खिळ्याची खूण. ही केसाएवढी रेघ म्हणजे साच्याच्या दोन अंगांचा सांधा. बाजू किंचित उतरती आहे, ती तुकडा साच्यातून न अडखळता निघावा म्हणून. सागवानाच्या नमुन्यालाही असाच उतार द्यावा लागतो. मग त्यांनी विचारले, “हे निवताना किती आकसते?” अभय म्हणाला, “हजारी पाच-सहा, बाबा.” दादा म्हणाले, “बिडाला हजारी दहा धरतो आम्ही.” पॅटर्नमेकरची फूटपट्टी त्या बेताने मुळातच थोडी लांब आखलेली असते, ती पट्टी दादांच्या फडताळात अजून आहे, आणि लहानपणी तिने वहीत समास आखले म्हणून अभयने धपाटा खाल्ला होता. अभयने तेव्हा सांगितले की त्या काळी अशा साच्यांसाठीसुद्धा आधी लाकडाचे मोठे नमुने घडवीत, आणि त्यांवरून सुई फिरवून यंत्राने पोलादात लहान आकार कोरीत. दादा गप्प झाले. थोड्या वेळाने म्हणाले, “मग खेळ कसला? कामच की हे.”

दादांच्या उजव्या हाताला दोन वर्षांपासून कंप आहे. पहिल्या रात्री त्यांनी चिमटा उचलला, आणि तुकडा टेबलाखाली उडाला. त्यानंतर त्यांनी चिमटा हातात घेतला नाही. मुलगा कापणार, घासणार, चिकटवणार. बाप भिंगातून पाहणार. अकरा रात्री हा क्रम चालला. चाकांना धडाशी जोडणाऱ्या काड्या सुईएवढ्या बारीक. त्यांच्यावरची सांध्याची रेघ अभय सुरीने खरडू लागला, तेव्हा दादा म्हणाले, “थांब. खरडलेस तर गोल दांडी चपटी होईल. घासकागदाची पट्टी काप आणि तिच्यावरून फिरव, बूट पॉलिश करतात तशी.” अभयने ते मुकाट्याने केले. मी पाहत होतो. आठव्या-नवव्या वर्षी या मुलाने जे शिकायला हवे होते, आणि बापाने जे शिकवायचे नाकारले होते, ते परदेशातल्या नवव्या मजल्यावर, स्वयंपाकघरातल्या टेबलावर चालले होते.

प्रमाणाचे गणित निर्दय असते. विसावा हिस्सा म्हणजे पावणेचार-चार मीटरांची गाडी वीतभर होते. सहा मिलिमीटर जाडीची रबरी नळी या गाडीत ०.३ मिलिमीटर भरली पाहिजे. फवाऱ्यातून रंगाचा थर एक दशांश मिलिमीटर चढला, तर खऱ्या गाडीवर दोन मिलिमीटर जाड लिंपण झाल्यासारखे दिसते आणि पत्र्यांच्या फटी बुजतात. म्हणून रंग दुधासारखा पातळ करून, धुक्यासारखा, पाच-सहा हातांनी द्यायचा आणि मध्ये वाळू द्यायचा. रंगावरून बाप-लेकांचे खरे भांडण झाले. त्या काळी प्रत्येक देशाच्या शर्यतीच्या गाडीला ठरलेला रंग असे : इटलीचा तांबडा, इंग्लंडचा हिरवा, फ्रान्सचा निळा. जपानचा हस्तिदंती पांढरा, आणि त्यावर लाल सूर्यबिंब. पण हस्तिदंती म्हणजे किती पिवळा? जुनी छायाचित्रे फिकटलेली, छापील चित्रे एकासारखी एक नाहीत. अभयने प्लॅस्टिकच्या तीन चमच्यांवर तीन छटा फवारून खिडकीत ठेवल्या. त्याचा कल खऱ्या रंगाबरहुकूम गडद छटेकडे. दादांचे म्हणणे असे की लहान वस्तूवर रंग दाट दिसतो, म्हणून एक पाऊल फिके यायला हवे. दोन दिवस चमचे खिडकीत राहिले. तिसऱ्या दिवशी पाऊस होता, आणि त्या मंद उजेडात मधला चमचा दोघांनाही पटला. मला विचाराल तर तिन्ही चमचे सारखेच होते.

इंजिनाला तीन रात्री लागल्या. पेटीत नसलेल्या तारासुद्धा अभयने घातल्या : सिलिंडरांच्या प्लगांकडे जाणाऱ्या, केसासारख्या. त्यांतल्या निम्म्या पुढे झाकल्या जाणार, कुणाला कधी दिसणार नाहीत. “मग घालतोस कशाला?” मी विचारले. उत्तर दादांनी दिले, आणि ते उत्तर नव्हतेच : “पंपाच्या आतली बाजू कोण पाहतो?”

सूर्यबिंबाचे चित्र पाण्यात भिजवून कागदावरून सरकवायचे असते. गाडीचा पुढचा भाग दोन्ही अंगांनी वळणारा, त्यावर सपाट वर्तुळाला सुरकुती पडणारच. मऊ करणारे औषध लावून, ओल्या ब्रशाने मधून कडेकडे दाबत अभयने ती घालवली. त्या वीस मिनिटांत दादांनी श्वास घेतला की नाही, शंकाच आहे.

शेवटचा वाद राहिला होता. अभयला गाडी शर्यतीच्या आधीची हवी होती, लखलखीत. दादा म्हणाले, पासष्ट फेऱ्या धावलेल्या गाडीच्या धुराच्या नळ्या कोऱ्या कशा असतील? जिंकली ती धावून, उभी राहून नव्हे. मला स्वतःला दादांचे पटले. कोरी गाडी दुकानातही मिळते. अखेर नळ्यांच्या तोंडांना आतून काजळी आणि बाहेर निळसर-तपकिरी ताप दाखवायचा, अंगावर मात्र डाग नाही, असे ठरले. तेन्र्यूच्या जंगलातल्या सुगी झाडाची एक फळी आम्ही तिकडून आणली होती. दादांनी तिचा तळ केला. कंपामुळे त्यांनी करवत दोन्ही हातांत धरली. फळी अभयने धरली. कडा घासून झाल्यावर दादांनी डोळे मिटून अंगठा फिरवला, आणि एका कोपऱ्याकडे बोट दाखवून कागद अभयच्या हातात दिला.

गाडी हामामात्सुलाच राहिली, काचेच्या पेटीत. निघताना दादांनी रिकाम्या चौकटी मागून घेतल्या. तुकडे कापून घेतलेल्या त्या दांड्या अभय कचऱ्यात टाकणार होता. दादांनी त्या वर्तमानपत्रात गुंडाळून बॅगेत तळाशी ठेवल्या. मुंबईला जकातीवरच्या तरुणाने बॅग उघडून हे काय म्हणून विचारले, तेव्हा दादांनी त्याला रसाची वाट समजावून सांगितली आणि मागे रांग खोळंबली. आता दर रविवारी दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर ओतशाळेतले दोन-तीन जुने सोबती येतात. चौकट हातोहात फिरते. इथे कोणता तुकडा असेल, रस आधी कुठे भरला असेल, यावर पैजा लागतात. अभयची चिठ्ठी आली आहे की पुढची पेटी घेऊन ठेवली आहे, सहा चाकांची टायरेल. दादांनी उलट विचारले आहे की सहा चाके समतलावर टेकतात का, हे तपासायला त्याच्याकडे सपाट काच आहे ना.